सव्वीसशेच्या आत

माझ्या दादानं सगळा देश पाहिला होता, पण तो ट्रकच्या काचेतून. दौंडहून कांदा, साखर, कधी कुरकुंभच्या कारखान्यांतली पिंपं भरून तो कुठंकुठं जायचा. कोचीन, कटक, पार जम्मूपर्यंत. घरी आला की आम्ही विचारायचो, काय काय बघितलंस? तो सांगायचा, कुठल्या घाटात गाडी पहिल्या गिअरवर येते, कुठल्या नाक्यावर उगीच अडवतात, कुठल्या ढाब्यावरची डाळ चांगली. समुद्र पाहिलास का म्हटलं, तर म्हणायचा, "पाह्यला की. रस्त्याच्या डाव्या अंगाला व्हता."

पुढं त्याला साखरेचा आजार जडला. उजव्या पायाला साधी चप्पल चावल्याची जखम झाली, ती भरेना, आणि शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. कृत्रिम पाय बसवून पाहिला, पण त्यानं खुंटाला फोड यायचे. मग चाकाची खुर्ची आली. दौंडला रेल्वे वसाहतीच्या मागं आमच्या वडलांनी बांधलेलं घर आहे. वडील रेल्वेत होते. पुढच्या खोलीत वहिनी पिठाची गिरणी चालवते. गिरणीच्या दाराशी खुर्ची लावून दादा बसायचा. दळण घेऊन आलेल्या बाया त्याला "दादा, बरं हाय का" विचारायच्या, आणि तो "बरंय" म्हणायचा.

मी त्याच्यापेक्षा बरीच धाकटी. लग्न केलं नाही, शिरूरला एकटी राहते. रांजणगावच्या एका कारखान्यात डिस्पॅच विभागात माझी नोकरी झाली. गाडी रिकामी काट्यावर घ्यायची, मग भरून घ्यायची, दोन्हींतला फरक लावायचा आणि गेटपास फाडायचा, हेच माझं काम होतं. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा वाटलं होतं, आता वजनाचा आणि आपला संबंध संपला.

एका रविवारी मी दौंडला गेले होते. दादा दारातच होता. बोलता बोलता म्हणाला, "मला एकदा कुठंतरी थांबायचं हाय."

"म्हणजे?" मी विचारलं. "आता तर तू घरीच असतोस."

"हे बसनं झालं. थांबनं निराळं. आम्ही जवा जायचो तवा पुढच्या गावाची घाई. एखादी जागा दिसायची, झाड, पानी, वाटायचं घटकाभर गाडी बाजूला घ्यावी. कवाच घेतली न्हाई. आता घाई न्हाई, तर गाडी न्हाई."

मी त्याला म्हटलं, आपण जाऊ कुठंतरी, लॉज बघू. आतून वहिनी बाहेर आली, हाताला पीठ लागलेलं. म्हणाली, "ताई, मागल्या साली वरवंडला लग्नाला गेलो, तर ह्यांनी सकाळपासनं पानी पिलं न्हाई. तिथं संडासला पायऱ्या. दिवसभर ओठ सुकवून बसले. लॉजचं काय सांगता."

दादानं मान दुसरीकडं वळवली. ते ओठ सुकवून बसणं माझ्या डोक्यातून जाईना. त्याला हवी होती ती जागा आपणच बरोबर नेली तर? झोपायला खाट, उठताबसता येईल असा कमोड, इन्सुलिन थंड ठेवायची सोय, खुर्ची वर चढवायला उतार. शिरूरला परत येईपर्यंत मनात गाडीच उभी राहिली होती.

गाडी मिळाली ती एका ठेकेदाराची जुनी पिकअप. डबल केबिनची, म्हणजे पुढं दोन ओळींत माणसं बसतात आणि मागं उघडा हौदा. माणसं चालत्या गाडीत हौद्यात बसवायची नाहीत हे पक्कं होतं. केबिनमध्ये बसायचं, मुक्कामाला पोचलं की मागं जायचं. आरटीओचं काम बघणाऱ्या एकाला विचारलं, तर तो म्हणाला, बॉडीत कायमचा बदल केला तर परवानगीचं लफडं. त्यापेक्षा हौद्यात बसणारी, काढता-घालता येणारी खोलीसारखी पेटी करा. तसंच ठरवलं.

पेटी करायला वरवंडला दादाचे जुने दोस्त होते. हमरस्त्याच्या कडेला ट्रकच्या बॉड्या बांधायचं त्यांचं गॅरेज. वयानं दादाहून मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मी दादाला घेऊन गेले त्या दिवशी मामा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून बाहेर आले. "जय भीम, ड्रायव्हरसायेब. लई दिसांनी," म्हणाले, आणि खुर्चीसकट दादाला मांडवात ओढून नेलं.

पाय गेल्यापासून दादाला कुणी काही विचारत नव्हतं. तिथं सगळे त्यालाच विचारायला लागले. अँगल कोणता? पत्रा किती जाड? खिडकी कुठल्या बाजूला? तो खडूनं फरशीवर रेघा मारून दाखवायचा. आवाजात जुना दम आला. मी दर आठवड्याला शिरूरहून जायचे तेव्हा पेटीत काहीतरी भर पडलेली असायची. कोपऱ्याला दुहेरी अँगल. जाड प्लायचा पलंग, खाली कप्पे. मागच्या टोकाला दोनशे लिटरची पाण्याची टाकी. इन्सुलिनच्या छोट्या फ्रीजसाठी घरात असते तसली मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर. खुर्ची चढवायला जाळीदार लोखंडी पत्र्याचा उतार, तो उचलायला दोन माणसं लागत.

"दादा, वजन फार होतंय का?" मी एकदा विचारलं.

"आगं, नऊ टन पासिंगच्या गाडीत आम्ही पंधरा टन घातलाय. ही तर फिरायला जायची गाडी."

पासिंग म्हणजे कागदावर मंजूर असलेलं वजन. मी घरी जाऊन आमच्या पिकअपचे कागद काढले. गाडी रिकामी सोळाशे किलो. माणसं, सामान, डिझेल सगळं धरून सव्वीसशेच्या पुढं जायचं नाही. म्हणजे हातात हजार किलो. हजार म्हणजे पुष्कळ, असं तेव्हा मलाही वाटलं. दोनशे तर आम्ही तिघंच होतो, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. लोक मालाचं वजन मोजतात, स्वतःचं मोजत नाहीत. कारखान्यातसुद्धा असंच व्हायचं.

पेटी तयार झाली. मामांनी तिला निळा रंग दिला, कडेनं पिवळी पट्टी. आम्ही वरवंडहून निघालो. बेत असा की चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरला माझ्या घरी जायचं, एक मुक्काम अंगणात करून बघायचा आणि मग पुढं निघायचं. गाडी मी चालवत होते, शेजारी दादा, मागच्या सीटवर वहिनी.

हमरस्ता सोडल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की स्टिअरिंग हातात हलकं लागतंय. खालचा रस्ता लागतच नव्हता जणू. स्पीडब्रेकरवर मागचा भाग धाडकन आदळला आणि कप्प्यातली भांडी वाजली. खुटबावच्या फाट्याच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चालला होता. त्यानं वळायला वेग कमी केला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण मी जिथं थांबेल म्हणून दाबला होता तिथं नाही. ट्रॉलीतल्या उसाची पाती बॉनेटला टेकली तेव्हा थांबली.

कुणालाच काही लागलं नाही. ट्रॅक्टरवाल्याला कळलंसुद्धा नाही, तो वळून निघून गेला. वहिनी मागून हळूच म्हणाली, "ताई, जरा कडेला घ्या." मी बघितलं, दादाचा डावा पाय समोर ताठ रोवलेला होता. नसलेला ब्रेक त्यानंही दाबला होता.

पुढं रस्त्याला गुऱ्हाळांच्या गाड्या वजन करतात तो काटा होता. मी न विचारता गाडी काट्यावर घेतली.

खिडकीतला माणूस म्हणाला, "माल काय लिहू?"

"माल नाही, आम्हीच आहोत," मी म्हणाले.

"कायतरी लिहावं लागतंय."

"लिव्ह, संसार," दादा म्हणाला. तो माणूस हसला. आकडा बघून मी हसले नाही. साडेअठ्ठावीसशे. आम्ही अडीचशे किलोनं जास्त होतो.

"अडीचशे म्हंजी काय, पाच पोती," दादा म्हणाला. "मामाला सांगून मागच्या स्प्रिंगांना एकेक पाटा वाढवू. गाडी बसनार न्हाई."

"पाटा वाढवला की गाडी उचललेली दिसेल, दादा. ब्रेक तेच राहतात. एक्सल तोच. टायर तेच. कागदावरचा आकडाही तोच."

"मला शिकवतीस?"

"तुला नाही शिकवत. मी ब्रेक दाबला तेव्हा गाडी कुठं थांबली ते तू बघितलंस."

त्यानं मागं पेटीकडं वळून बघितलं. मग म्हणाला, "टाकी रिकामी कर."

"त्यानं दोनशेच जातात. अजून पन्नास राहतात. आणि वाटेत एक पिशवी भाजी घेतली तरी आपण पुन्हा वर. जरा मोकळं ठेवायला पाहिजे."

"मग काय काढतीस? उतार काढला तर मी चढायचो कसा? बॅटरी काढली तर इन्सुलिन कुठं? कमोड माझा, खुर्ची माझी, पलंग एवढा मजबूत केला तो माझ्या अंगानं." त्यानं बोटं मोजायची थांबवली. "सगळं वजन माझंच हाय. मलाच उतरीव, म्हंजी कागदात बसतंय."

रागानं म्हणाला असता तर मी उत्तर दिलं असतं. तो साध्या आवाजात म्हणाला, हिशेब जुळला की माणूस बोलतो तसा. शिरूरला न जाता आम्ही सावकाश, कडेकडेनं, दौंडला परत आलो.

त्यानंतर दादानं गाडीचं नाव काढलं नाही. मी फोन केला की वहिनी म्हणायची, जेवतात, झोपतात, दारात बसत नाहीत. गाडी घरासमोर उभी. येणारी-जाणारी माणसं विचारत, कधी निघणार? मला वाटायला लागलं, विकून टाकावी. तसं मी वहिनीला बोलून दाखवलं.

वहिनी म्हणाली, "रविवारी या. गिरनी बंद असती. आन् येताना जुने कपडे घालून या."

मी गेले तर तिनं हौद्याचं फाळकं खाली पाडलं होतं आणि पेटीतलं सामान एकेक करून ओट्यावर आणायला सुरुवात केली होती. गिरणीतला धान्याचा काटा तिनं दारात ओढून ठेवला होता. दादा आतल्या खोलीत होता, पण दार उघडं होतं.

"पेटी करताना ह्यांना समदं विचारलं. तुम्ही कागद बघितले," ती म्हणाली. "मला कुनी विचारलं न्हाई काय न्यायचं. मीबी जानार हाय ना?"

ती रागावलेली नव्हती. खरंच विचारत होती. आणि खरंच, आम्ही दोघा भावंडांनी तिला कधी विचारलं नव्हतं. दादा बाहेरगावी असायचा तेव्हा ती गिरणी सांभाळून घरी बसलेली, आणि तो घरी बसला तेव्हा त्याला सांभाळून. तिनं तर रस्त्याच्या डाव्या अंगाचा समुद्रही पाहिलेला नव्हता.

आम्ही वस्तू काट्यावर ठेवत गेलो. ठेवायची, आकडा बघायचा, आणि वहिनी एकच प्रश्न विचारायची, "ह्याचं काम दुसऱ्या कशानं व्हतंय का?"

घरचा मोठा सिलिंडर भरलेला तीस किलो. तीन माणसांच्या दोन दिवसांच्या चहा-भाकरीला लहान पाच किलोवाला पुरतो. मोठा काढला. स्टीलची भांडी काढून ॲल्युमिनियमची तीन पातेली ठेवली. तवा मात्र तिनं लोखंडीच ठेवला. मी काट्यावरचा आकडा दाखवला, तर म्हणाली, "ताई, भाकरी ह्याच्यावरच व्हती. दुसरं काय म्हनाल ते काढा." तवा राहिला. प्लायचा पलंग खोलून मोजला तर एकट्याचं वजन दीडशेच्या घरात. ती म्हणाली, "नवारीची खाट का नको? घडी व्हती, उचलाया हलकी, आन् ह्यांना तिच्यावर झोप लागती. प्लायवर तर पाठ दुखती म्हनतात."

"कोन म्हनतं?" आतून आवाज आला.

"तुम्हीच म्हनत व्हता, मामाच्या गॅरेजातनं आल्यावर."

थोड्या वेळानं खुर्चीची चाकं वाजली. दादा दारात आला आणि ओट्यावर पसरलेलं सामान बघत राहिला. बॅटरी काट्यावर होती. तो बघत बघत म्हणाला, "फ्रीज कशाला पायजे? आमचे एक मद्रासकडचे ड्रायव्हर व्हते, तेबी इन्सुलिन घ्यायचे. ओल्या कापडाच्या पिशवीत ठिवायचे. डाक्टरला इचारा चालतंय का."

आम्ही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दोन-तीन दिवसांसाठी बर्फाचा लहान डबा पुरेल, बाटली बर्फाला टेकू देऊ नका म्हणजे झालं. फ्रीज गेला, बॅटरी गेली, इन्व्हर्टर गेला. दिव्याला आणि पंख्याला पुरेल एवढी छोटी बॅटरी आली.

पाणी हे सगळ्यात जड निघालं, आणि ते कुणालाच आठवत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. वहिनी म्हणाली, "आपन वाळवंटात चाललोय का? गावोगाव नळ हायेत. तीन कॅन घेऊ. संपलं की भरू." आणि दादानंच सांगितलं की कॅन मागच्या टोकाला ठेवायचे नाहीत, केबिनला लागून, खाली, मागच्या चाकांच्या पुढं ठेवायचे. "मागं वजन लोंबलं की पुढची चाकं हलकी पडत्यात. तवा तुझं स्टेरिंग म्हनूनच लागत नव्हतं," तो मला म्हणाला. मग म्हणाला, "माझ्याबी ध्यानात आलं व्हतं. बोललो न्हाई."

सगळ्यात शेवटी त्याची हत्याराची पेटी राहिली. ती त्यानं सीटखाली ठेवून घेतली होती. दोन जॅक, मोठमोठे पाने, टॉमी, साखळदंड. वहिनीनं तिला हात लावला नाही, मीही नाही. त्यानंच खुर्ची पुढं घेऊन ती ओढली. एकेक पाना हातात घेऊन बघितला. एक जॅक, चाकाचा पाना आणि दोन-तीन किरकोळ हत्यारं बाजूला काढली. "बाकीची मामाला देऊन टाक," म्हणाला. "त्येंच्या गॅरेजात कामाला तरी येत्याल."

पेटी परत वरवंडला गेली. दुहेरी अँगल कापताना मामांचा जीव तुटत होता. "एवढी मजबूत बांधली व्हती," ते पुनःपुन्हा म्हणत होते. पण काय हवंय ते समजल्यावर त्यांनीच कल्पना काढली. खाली अर्धा भाग पातळ पत्र्याचा, वर हलक्या पाइपांची कमान आणि तिच्यावर द्राक्षाच्या मालाला वापरतात तसली चांगली ताडपत्री. दोन्ही बाजू गुंडाळून वर बांधता येतील. उताराच्या जागी ॲल्युमिनियमच्या दोन अरुंद पन्हाळ्या, खुर्चीच्या चाकांपुरत्या. एका हातात एक, अशा मी एकटीनं उचलल्या. पहिल्यांदा दादाला त्यांवरून वर चढवताना आम्ही सगळे घाबरलो होतो. मामा मागून धरून उभे, मी पुढून. तो वर पोचला, ताडपत्रीच्या खाली बसला आणि म्हणाला, "ह्या बाजूची गुंडाळा की. काय दिसतंय बघू." पलीकडं हमरस्त्यावरून ट्रक जात होते. तो बराच वेळ बघत बसला.

पुन्हा काट्यावर गेलो. तोच माणूस खिडकीत. त्यानं आम्हाला ओळखलं. या वेळी आम्ही तिघं, पाणी, डिझेल, भाकरीचं पीठ, अंथरुणं, सगळं धरून बावीसशेच्या थोडं वर. दादानं चिठ्ठी हातात घेतली आणि म्हणाला, "साडेतीनशे किलो शिल्लक हाय. काय भरायचं?"

"काही नाही," मी म्हणाले.

"ड्रायव्हरला जागा मोकळी सोडवत न्हाई, बघ," तो म्हणाला, पण हसून.

पहिला मुक्काम जवळच करायचं ठरलं, काही बिघडलं तर घरी परतता यावं म्हणून. इनामगाव गाठलं. घोड नदीच्या काठाला बाभळीची सावली आणि सपाट जागा होती. शेजारच्या शेतात कांद्याला पाणी देत असलेल्या एका आबांना विचारलं, इथं थांबलो तर चालेल का. ते म्हणाले, "थांबा की. कोन नको म्हनतंय. पर गाडी खाली वाळूत घालू नका." गाडी आदळली नाही, कुठं वाकडी झाली नाही, ब्रेक जिथं दाबला तिथं लागला, हे मी त्यांना उगीचच सांगितलं. त्यांनीही ते मन लावून ऐकलं.

वहिनीनं दगड मांडून चूल केली. गॅस होता, तरी तिला चुलीवरच करायचं होतं. दादा खाली खाटेवर बसला होता. ऊन कलायला लागलं तसे आबा काम आटपून आले आणि आमच्यात बसले. बोलता बोलता त्यांनी पलीकडची उंचवट्याची जमीन दाखवली. तिथं फार पूर्वी उत्खनन झालेलं. हजारो वर्षांपूर्वी तिथं शेती करणारी माणसं राहात होती. त्यांची घरं, रांजण, चुली सापडल्या. आबांनी लहानपणापासून हे ऐकलेलं.

"आन् मेलेली मानसं घरातच पुरायचे," आबा म्हणाले. "जिमिनीखाली. पर पुरताना पाय तोडायचे."

वहिनीची भाकरी हातात राहिली. मी दादाकडं बघितलं नाही.

"पाय कशापायी तोडायचे?" दादानंच विचारलं.

"कुनी काय सांगतं, कुनी काय. पर असं म्हनत्यात, मेल्यावर त्यानं घर सोडून कुठं जाऊ न्हाई, म्हनून." एवढं बोलल्यावर आबांचं लक्ष दादाच्या दुमडलेल्या पायजम्याकडं गेलं आणि ते ओशाळले. "माफ करा पाव्हनं. माझ्या ध्यानात न्हाई आलं."

दादाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "आबा," तो म्हणाला, "त्यांना सांगा, काय उपेग झाला न्हाई. माझा तोडला तरी मी घर सोडून आलोच की."

आबाही हसले. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती आणि तिची भाकरी एका बाजूनं करपली. ती करपलेली भाकरी दादानं मागून घेतली. वर कांदा, हिरवी मिरची, आणि आबांनी शेतातून आणलेली मेथी. त्या दिवशी सकाळपासून तो भरपूर पाणी प्यायला होता, हे जेवताना माझ्या लक्षात आलं. तांब्या त्याच्या उशाशी होता आणि कमोडची खुर्ची ताडपत्रीच्या आडोशाला नीट लावलेली होती. आमच्या सगळ्या हिशेबाचं फळ म्हणावं तर ते एवढंच होतं, आणि मला ते पुष्कळ वाटलं.

सकाळी मी उठले तेव्हा नदीवर धुकं होतं. दादा आधीच जागा होता. खाटेवर उशीला टेकून बसला होता. पाण्यात कसलेतरी पांढरे पक्षी उभे होते. मी चहा हवा का विचारलं, तर त्यानं हातानंच थांब म्हणून खूण केली. चहा आम्ही खूप उशिरा केला.

त्यानंतर आम्ही बऱ्याच ठिकाणी गेलो. कोकणातही जाऊन आलो. दर वेळी निघताना एखादी नवी वस्तू गाडीत चढू बघते. कधी घडीची टेबलखुर्ची, कधी वहिनीचा पाटावरवंटा. मग काय बदल्यात उतरायचं यावर आमची वादावादी होते. कधी दादा जिंकतो, कधी ती. पाटावरवंटा अजून तरी चढलेला नाही.

परवा घोडच्या धरणाजवळ मुक्काम होता. सकाळी मी पाण्याचे कॅन भरायला वस्तीवर गेले. परत येते तर गाडी जागेवर नाही. मग बघितलं, धरणाच्या कडेनं जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर ती हळूहळू चालली होती, मुंगीच्या पावलानं. स्टिअरिंगवर वहिनी होती. पदर खोचून, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, मान पुढं काढून. शेजारी दादा.

मी जवळ पोचले तशी गाडी एक आचका देऊन बंद पडली.

"क्लच एकदम सोडायचा न्हाई," दादा तिला सांगत होता. "सावकाश. कुनी मागं न्हाई आपल्या."

"मग हळू बोला ना," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा घामानं भिजला होता. माझ्याकडं वळून म्हणाली, "ताई, तुम्ही तिथंच थांबा. कडेला व्हा जरा."

मी कॅन खाली ठेवले आणि कडेला झाले. तिनं चावी फिरवली.